पुन्हा साथ आली, शाळा बंद झाली, तर आमचं काय? पालकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरांसाठी आहे. शाळा खासगी आणि विनाअनुदानित आहे. म्हणजे शिक्षकांच्या पगारापासून फिनाइलपर्यंत सगळं पालकांच्या फीवर चालतं. कोविडनंतर दाखल झालेल्या मुलांचे पालक दर पालकसभेत विचारतात की तसं पुन्हा झालं तर शाळा काय करणार. तोंडी उत्तरं हवेत विरतात, म्हणून ती लिहून ठेवली आहेत.

साथ जाहीर झाली की शाळा सगळ्यात आधी काय करते?

फोन. वर्गशिक्षिका आपापल्या वर्गातल्या प्रत्येक घरी फोन करतात, आणि त्या फोनवर फीचा विषय काढायचा नाही असा आमचा नियम आहे. घरात कोण कोण आहे, कोणी आजारी आहे का, काम चालू आहे की बसलंय, स्मार्टफोन कोणाच्या खिशात असतो, गावी जायचा विचार आहे का, एवढंच विचारायचं. अडचणीतला माणूस शाळेला स्वतःहून फोन करत नाही, हे आम्ही गृहीत धरतो. ज्याची नोकरी गेली तो शाळेचा नंबर पाहून फोन उचलतही नाही, कारण त्याला वाटतं फीसाठीच असणार. म्हणून पहिला फोन शाळेचा, आणि तो फीसाठी नाही.

त्यासाठीच प्रवेश अर्जात आम्ही दोन नंबर मागतो आणि त्यातला एक गावाकडचा असावा असं सांगतो. बरेच जण तिथे रेघ मारतात. कृपया मारू नका. मार्च २०२० मध्ये आधी शाळा बंद झाल्या, मग २३ तारखेपासून लोकल थांबली आणि २५ पासून देशभर टाळेबंदी लागली. मधल्या त्या थोड्या दिवसांत आपल्या वस्तीतली कितीतरी घरं कुलूप लावून निघून गेली.

आम्ही गावी गेलो आणि दोन-तीन महिने मूल वर्गात दिसलं नाही, तर नाव कमी होईल का?

नाही. पहिली ते आठवी या वयाच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे. नववी-दहावीसाठीही आम्ही तेच पाळतो.

आपल्याकडे माथाडी कामगारांची घरं खूप. पाटण, जावळी, जुन्नरकडची माणसं. तिकडच्या वाड्यांवर नेटवर्क मिळवायला माळावर चढावं लागतं हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा अशा मुलांची हजेरी आम्ही ऑनलाइन वर्गावर मोजत नाही. त्यांना आठवड्याचं काम साध्या मेसेजने जातं आणि शिक्षिका ठरल्या वेळी साध्या फोनवर बोलतात. गावच्या जिल्हा परिषद शाळेत काही काळ बसवायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे पत्र देतो. कायमचंच जायचं ठरलं तर दाखला आम्ही लगेच काढतो. दाखला पोचायला उशीर झाला तरी पुढच्या शाळेला तेवढ्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही. तेही याच कायद्यात, कलम ५ मध्ये आहे.

फी भरता आली नाही तर?

आधी कायद्याचं सांगतो, कारण यावर ऐकीव माहिती फार फिरते.

कोविडच्या सुरुवातीला राज्य सरकारने ८ मे २०२० ला शासन निर्णय काढला होता: २०२०-२१ साठी फीवाढ नको, हप्त्याने भरायची मुभा द्या. त्यावर शाळांच्या संस्था उच्च न्यायालयात गेल्या आणि स्थगिती आली. पुढे राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ ला निकाल दिला. शाळा बंद असताना ज्या सुविधा वापरल्याच गेल्या नाहीत त्यांच्यापोटी फीत १५ टक्के कपात करावी, उरलेली रक्कम हप्त्याने घ्यावी, फी थकली म्हणून मुलाला वर्गातून, मग तो ऑनलाइन असो की प्रत्यक्ष, बाहेर ठेवू नये, निकाल अडवू नये, आणि एखाद्या पालकाने वैयक्तिक अडचण मांडली तर सहानुभूतीने विचार करावा, असं त्यात आहे. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने १२ ऑगस्ट २०२१ ला २०२१-२२ साठी १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. ज्यांनी आधीच पूर्ण फी भरली होती त्यांची जादा रक्कम पुढच्या हप्त्यात वळती करा किंवा परत करा, असंही त्यात होतं.

हे आकडे त्या साथीचे. पुढच्या वेळी सरकार किती टक्के म्हणेल यावर आम्ही थांबणार नाही. आमची पद्धत अशी:

पत्र लिहा. साध्या कागदावर, मराठीत, चार ओळी. उत्पन्नाचा दाखला त्या वेळी मागत नाही, कारण तहसील कार्यालय बंद असताना तो आणायचा कुठून? पगार थांबल्याचा मेसेज, दुकान बंद असल्याचा फोटो, नाहीतर नुसतं तुमचं सांगणं, एवढं पहिल्या तिमाहीसाठी पुरतं. मग तीन वाटा निघतात. ज्याचं काम तात्पुरतं थांबलंय त्याला मुदत आणि हप्ते. ज्याचं उत्पन्न अर्ध्यावर आलंय त्याला काही भाग माफ. ज्याच्या घरातला कमावता माणूसच गेला किंवा अंथरुणाला खिळला त्याची त्या वर्षाची फी पूर्ण माफ, आणि पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बसून बोलू. उशिराचा दंड साथीच्या काळात कुणालाच नाही.

सवलत घेतली हे वर्गात कळेल का?

नाही. अर्ज मुख्याध्यापिका, लेखनिक आणि विश्वस्तांपैकी एक जण, एवढेच पाहतात. वर्गशिक्षिकेलाही सांगत नाही. थकबाकीदारांची यादी फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचे प्रकार काही ठिकाणी झाले. तसं करणाऱ्या शाळेबद्दल चांगलं काही बोलता येत नाही.

आमच्या दोघांच्या नोकऱ्या चालू आहेत. मग आम्ही पूर्ण फी का भरायची? शाळा तर बंद आहे.

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण प्रश्न रास्त आहे.

जे वापरलं नाही त्याचे पैसे नाहीत, हे आधी. बस बंद तर बसचे शून्य. सहल, स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव झाले नाहीत तर त्यांचेही नाहीत. वीज-पाण्यात जे वाचलं ते पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे हिशेबासकट ठेवतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने फी ठरवण्यात या समितीला स्थान आहे, ती चहा-बिस्किटांपुरती नाही. शाळा आणि समिती यांच्यात फीवर मतभेद झाला तर तो विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातो.

उरतो तो मोठा भाग, आणि तो पगाराचा आहे. टाळेबंदीत राज्यभर विनाअनुदानित शाळांमधल्या कितीतरी शिक्षकांना अर्धा पगार मिळाला, काहींना मिळालाच नाही. भाजीची गाडी लावलेल्या शिक्षकांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असलेल्या आणि घरून काम करणाऱ्या आईवडिलांनी वेळेवर फी भरली की त्याच पैशातून शिक्षिकेचा पगार होतो आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला मुदत देता येते. सरसकट सगळ्यांना सारखी सूट दिली तर ज्याला खरी गरज आहे त्याच्या वाट्याला कमी येतं. सरकारने टक्केवारी ठरवली तर ती सगळ्यांना लागू होईल, त्यात आमची कुरकुर नाही. पण आमच्या मनाने विचाराल तर सवलत गरज बघून द्यावी.

हक्काची कपात ज्यांना नको असेल त्यांना ती शाळेच्या पालक साहाय्य निधीत, म्हणजे अडचणीतल्या घरांसाठीच्या निधीत, वळवता येते. पावती मिळते. कोणी वळवली याची यादी लावत नाही.

पंचवीस टक्के राखीव जागेवरून (आरटीई) प्रवेश आहे. आमच्यासाठी काही वेगळं?

आठवीपर्यंत फीचा प्रश्न येत नाही. सरकारकडून शाळेला येणारी रक्कम उशिरा आली तरी ती डोकेदुखी आमची, तुमची नाही. फोन, वह्या, छापील स्वाध्याय या सगळ्यात ही मुलं इतरांच्या बरोबरीने धरली जातात. नववीपासून इतरांसारखाच सवलतीचा अर्ज करता येतो, आणि तो सातवीतच डोक्यात ठेवा.

घरात फोन एकच, तोही यांच्याबरोबर मार्केटला जातो. मुलांनी शिकायचं कधी?

नवी मुंबईतल्या शाळेने हा प्रश्न गृहीतच धरायला हवा. एपीएमसीचं, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजाराचं, काम पहाटे सुरू होतं आणि फोन तिकडे जातो. सकाळी आठला कॅमेरा लावून हजेरी घेतली की अर्धा वर्ग गैरहजर, त्यात त्या मुलांचा काय दोष?

म्हणून आमच्याकडे सकाळचा वर्ग हा एकच मार्ग नाही. गणित आणि इंग्रजीचे मुख्य तास संध्याकाळी पुन्हा होतात. बाकीच्या विषयांचं शिक्षिका पाच-सात मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात. व्हिडिओ नाही, नुसता आवाज, म्हणजे नेटपॅक संपत नाही. सोबत छापील स्वाध्याय. ते दर सोमवारी शाळेच्या फाटकावर मिळतात, मागच्या आठवड्याचे तिथेच परत द्यायचे. ज्यांना येता येत नाही त्यांचे त्याच चाळीतली किंवा सोसायटीतली एक मोठी मुलगी, एक मोठा मुलगा घेऊन जातो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण लहान फोनवर पान वाचून मुलांचे डोळे दुखतात, म्हणून पुस्तकांची अदलाबदल शाळा बंद व्हायच्या आधीच करून घेऊ.

शाळेकडे उसने द्यायला थोडे टॅब आहेत. क्रम असा: आधी दहावी, मग एका घरात तीन किंवा जास्त मुलं असतील ते, मग बाकीचे. अनामत नाही. फुटला तर कळवा. लपवून ठेवू नका, दुरुस्ती आम्ही करतो.

टीव्हीही विसरू नका. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाली होती आणि तिने खूप घरांत काम केलं, कारण टीव्हीला रिचार्जची घाई नसते. तसं काही पुन्हा सुरू झालं तर आमचं वेळापत्रक त्या वेळेला छेद देणार नाही.

दिवसभर स्क्रीनसमोर बसवणार का?

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पूर्व-प्राथमिकसाठी पालकांशी अर्धा तास संवाद, पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे फार तर दोन तास, नववी ते बारावीला फार तर चार, अशी मर्यादा आहे. आम्ही ती पाळतो. जास्त तास घेतले तरच शिकवलं असं वाटणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांना नम्र विनंती, दुपारी मुलाला भाजी निवडायला बसवा. मोजायलाही शिकेल.

बालवाडीचं काय?

गोष्ट, गाणं, चित्र. तेही जमलं तर. त्या वयाला ऑनलाइन वर्गाचा आग्रह आम्ही धरत नाही आणि त्या काळातली बालवाडीची फी सगळ्यात आधी कमी करतो.

घरात किराणाच संपला तर शाळेला सांगायचं का?

सांगा. अनुदानित आणि सरकारी शाळांमध्ये पोषण आहार असतो, त्यामुळे शाळा बंद असतानाही तिथल्या मुलांना धान्य देता आलं. विनाअनुदानित शाळांना ती योजना लागू नाही. मे २०२० मध्ये वाशीचा घाऊक बाजारच आठवडाभर बंद ठेवावा लागला होता. ज्या घराची मजुरी त्या बाजारावर, त्या घराला आठवडा म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ठरलेली व्यवस्था अशी की निधीतून वस्तीतल्या दुकानदाराकडे रक्कम जमा होते आणि तुम्ही तिथून नेहमीसारखं सामान आणता. पिशव्या वाटून फोटो काढायचे नाहीत.

घरातलं कोणी गेलं तर शाळा काय करते?

या उत्तराची वेळ कुणावर येऊ नये. तरी लिहितो, कारण त्या दिवसांत कागदपत्रं सुचत नाहीत आणि काही योजनांना मुदती असतात.

पहिले पंधरा दिवस शाळा मुलाकडून काहीच मागत नाही: हजेरी नाही, गृहपाठ नाही, चाचणी नाही. वर्गशिक्षिका घरी येतात, येणं शक्य नसेल तर फोन करतात, आणि मूल बोललं नाही तरी लाइनवर राहतात. वर्गातल्या इतर मुलांना काय आणि कसं सांगायचं हे घरच्यांना विचारून ठरवतो.

मग कागद. शाळेतली एक व्यक्ती, बहुधा आमचे लेखनिक, त्या घरासाठी नेमून दिली जाते. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती. केंद्राची पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन ही योजना ११ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळात दोन्ही पालक किंवा उरलेला एकमेव पालक गमावलेल्या मुलांसाठी होती. वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर कोविड मृत्यूंसाठी वारसांना ५० हजारांचं सानुग्रह साहाय्य मिळालं. या सगळ्यांत एक कागद सारखा लागला: मृत्यूचा दाखला, आणि कारण सिद्ध करणारी कागदपत्रं. रुग्णालयातला चाचणीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूचे कागद फेकू नका, फोटो काढून आम्हालाही पाठवून ठेवा. आमच्याकडे त्याची फाईल राहते.

साथ असो वा नसो, कायम चालू असलेली योजना म्हणजे राज्याची बालसंगोपन योजना. एकच पालक उरलेल्या मुलालाही ती मिळू शकते. २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समिती आदेश देते. बोनाफाईड आम्ही त्याच दिवशी देतो. मूल कुणाकडेच सुरक्षित नाही असं वाटलं तर १०९८, चाइल्डलाइन, रात्री-अपरात्रीही.

आईवडिलांपैकी कमावती व्यक्ती गेलेल्या मुलाची फी दहावीपर्यंत निधीतून भरण्याचा आमचा प्रयत्न असतो. प्रयत्न हा शब्द मुद्दाम वापरला आहे. निधीत किती आहे ते दर जूनमध्ये पालकसभेत सांगतो.

मूल गप्प झालंय, झोपत नाही, चिडतं. अभ्यासाचा ताण असेल का?

असेलही, नसेलही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं महिनोन्‌महिने कोंडली की मोठेही चिडतात. शाळेच्या समुपदेशक आठवड्यातून ठरल्या दिवशी फोनवर असतात आणि त्यांच्याशी मूल जे बोलतं ते शिक्षकांपर्यंत जात नाही, जीवाला धोका असेल तेवढा अपवाद. रात्री कोणी हवं असेल तर केंद्राच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर मुलांनी वर्गशिक्षिकेला फक्त ‘वही हरवली’ असा मेसेज करायचा. पुढचं आम्ही पाहतो.

परीक्षा होणार की ढकलून देणार?

हा निर्णय शाळेच्या हातात नसतो. पण एक गोष्ट हातात असते. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर, २३ मार्चचा, झालाच नाही आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर परीक्षाच रद्द झाली: दहावीचं लेखी अंतर्गत मूल्यमापन ३० गुण, तोंडी-प्रात्यक्षिक २०, आणि नववीच्या निकालावरून ५०. नववी म्हणजे विश्रांतीचं वर्ष समजून काढणाऱ्या मुलांची पंचाईत झाली. तेव्हापासून आम्ही नववीच्या घटक चाचण्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा यांच्या नोंदी बोर्डाच्या परीक्षेसारख्या जपतो. तुम्हीही मुलाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका रद्दीत देऊ नका. २०२२ ला परीक्षा झाली, पण २५ टक्के अभ्यासक्रम कमी करून आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून. दोन वर्षं हाताला लिहायची सवयच नव्हती. म्हणून ऑनलाइन काळातही रोज एक पान हाताने लिहायचं, एवढा एक हट्ट आम्ही सोडत नाही.

शाळा उघडली, पण घरात म्हातारे सासू-सासरे आहेत. पाठवायलाच हवं का?

नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हाही पालकांची संमती घेतली जात होती. संमती न देणाऱ्याला छापील स्वाध्याय आणि फोन चालू राहतो. वर्गात पंखे, उघड्या खिडक्या, एका बाकावर एक मूल, अर्धा वर्ग एका दिवशी. डबा वर्गातच, आपापला. डबा वाटून खायला मनाई करणं हा आम्हाला सगळ्यात जड गेलेला नियम होता.

ग्रुपवर येतं त्यातलं खरं कोणतं?

शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापिकांची सही असेल ते.

कार्यालय बंद असेल तर अर्ज द्यायचा कुठे?

फाटकावर लोखंडी पेटी आहे, वॉचमन काकांच्या खुर्चीशेजारी. चावी लेखनिकांकडे असते, ते इथेच सेक्टरमध्ये राहतात, लोकल बंद असली तरी चालत येतात. पाकिटावर मुलाचं नाव आणि इयत्ता लिहा, आत फोन नंबर. तीन दिवसांत फोन आला नाही तर वर्गशिक्षिकेला मिस्ड कॉल द्या.